खुर्चीमागची गर्दी

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर जाणार, हे धरूनच चाललोय. व्हिडिओ गेम खेळणं एक वेळ समजतं. पण दुसराच कोणीतरी गेम खेळतोय आणि आपलं पोरगं ते तास न् तास बघत बसलंय, यात कसली आलीय करमणूक? हा प्रश्न इथे बेंगळुरूत मला कितीतरी मराठी आईबापांनी विचारलाय. गंमत अशी, की विचारताना त्यांच्याच हॉलमध्ये टीव्हीवर आयपीएल चालू असते.

तर आज आपण गेमचा इतिहास बघायचा नाही, गेम बघण्याचा इतिहास बघायचा. तो बघताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, प्रेक्षकाला नेमकं काय दिसतं? आणि दुसरी, ज्या मैदानावर हा खेळ चालतो ते मैदान कोणाच्या मालकीचं आहे? माझं म्हणणं असं, की या दुसऱ्या प्रश्नामुळेच आपल्याकडच्या गेमिंगच्या करमणुकीला आजचं रूप आलं.

सुरुवात इथूनच करू. बेंगळुरूतलं कोरमंगला म्हणजे १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी जिथे नॅशनल गेम्स व्हिलेज उभं राहिलं, तो भाग. तिथल्या इनडोअर स्टेडियममध्ये २०२३ साली काउंटर-स्ट्राइक या गेमच्या ‘स्काय ई-स्पोर्ट्स मास्टर्स’ नावाच्या लीगची अंतिम फेरी झाली. भरवणारी कंपनी चेन्नईची, तिच्या मागे पैसा पुण्याच्या जेटसिंथेसिसचा, बक्षिसाची एकूण रक्कम दोन कोटींच्या घरात. आता अशा सामन्याचं व्यासपीठ डोळ्यांपुढे आणा. समोरासमोर दोन टेबलं, प्रत्येकामागे पाच पोरं, कानांवर भले मोठे हेडफोन, नजर स्क्रीनमध्ये. त्या पोरांकडेच बघत बसलात तर काहीही घडत नाही. बोटं हलतात, मधूनच कोणाचे तरी ओठ हलतात, एवढंच.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाशी याची तुलना करून बघा. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये ते मैदान झालं. मधला आखाडा खोल आणि प्रेक्षक चारी बाजूंनी चढत्या उतारावर, म्हणजे शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते दिसावं. कुस्ती अंगावर दिसते. डाव बसला, घाम फुटला, श्वास चढला, सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं. व्हिडिओ गेममध्ये खेळाडूचं अंग काहीच सांगत नाही. खेळ असतो काचेच्या आत. म्हणून तो बाहेर काढून दाखवणारा कोणीतरी मध्ये लागतोच, आणि तो कोण असावा हे प्रत्येक गेमच्या मंडळींनी आपापल्या परीने ठरवलं.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहणं. ज्यांनी गेम पार्लरमध्ये नाणी टाकली आहेत त्यांना ही गर्दी आठवत असेल. स्ट्रीट फायटर किंवा टेकनसारख्या मारामारीच्या गेममध्ये दोन्ही खेळाडू एकाच पडद्यावर असतात. खेळणाऱ्याला जे दिसतं तेच मागच्याला दिसतं, तितकंच आणि त्याच क्षणी. दोघांच्या डोक्यावर उरलेल्या प्राणांची पट्टी असते, ती लहान लहान होत जाते. बस, नियम समजले. समजावून सांगणाऱ्याचीही गरज नाही.

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे ‘इव्हो’ या स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची गाठ पडली. दाइगोच्या पट्टीत प्राण एवढाच, की समोरच्याचा अडवलेला फटकासुद्धा त्याला संपवायला पुरेसा. वाँगने सलग पंधरा फटक्यांचा हल्ला चढवला. दाइगोने एकेक फटका अचूक क्षणी परतवला आणि उलट मारा करून सामना घेतला. त्या प्रसंगाचं चित्रीकरण आजही बघितलं जातं, आणि बघणारे सांगतात की खरी मजा पडद्यावरच्या मारामारीपेक्षा मागच्या गर्दीच्या आवाजात आहे. पाचव्या-सहाव्या फटक्यापर्यंत कुजबुज, मग आरडाओरडा, आणि शेवटी शब्दच नाहीत, नुसता गलका. ही मंडळी अजूनही तशीच आहेत. मोठ्या हॉलमध्ये गेली, प्रायोजक आले, तरी खेळाडूंना काचेच्या खोलीत बसवणं त्यांना फारसं रुचत नाही. २०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने जपानमधली आणि अमेरिकेतली अशा दोन्ही इव्हो स्पर्धा टेकनमध्ये जिंकल्या. साध्या गेमिंग दुकानांतल्या गर्दीतून तयार झालेलं पोर जगाच्या डोक्यावर बसलं, म्हणून आपल्याकडचे टेकनवालेसुद्धा त्याच्यासाठी ओरडत होते. तिथे सीमा आड आली नाही.

दक्षिण कोरियाने वेगळी वाट काढली, आणि मला विचाराल तर आजच्या सगळ्या तमाशाचा पाया तिथेच घातला गेला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे ‘पीसी बांग’ म्हणजे आपल्या सायबर कॅफेसारखी दुकानं गल्लोगल्ली उघडली. १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा गेम आला. हा सैन्य उभारण्याचा गेम. दोन्ही खेळाडू नकाशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकाला दुसऱ्याचं काही दिसत नाही, आणि एकाच वेळी चार ठिकाणी काहीतरी चालू. खुर्चीमागे उभं राहिलात तर फक्त एकाची बाजू कळणार. म्हणून कोरियन टीव्हीने गेमला वाहिलेलं चॅनेल काढलं, आणि समालोचकांची जोडी नव्हे, तिघांचा संच बसवला. एक घडतंय ते सांगणार, दुसरा का घडतंय ते उलगडणार, आणि तिसरा रंग भरणार. आपल्याकडे रेडिओवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेट ऐकवायचे, तेव्हा न दिसणारं मैदान लोकांना दिसायचं. तसंच काहीसं. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर संघांच्या लीगची अंतिम फेरी झाली, तिला लाखभर लोक जमल्याचं सांगितलं जातं. चौपाटीवर एक लाख माणसं गेम बघताहेत!

पण इथेच तो मालकीचा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला. खेळाडू कोरियाचे, चॅनेल कोरियाचं, वेडही कोरियाचं, पण स्टारक्राफ्ट हा गेम ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा. आमच्या गेमचं प्रक्षेपण करता तर हक्क आमच्याकडून घ्या, असं कंपनी म्हणू लागली. कोरियाची ई-स्पोर्ट्स संघटना म्हणत होती, की हा आता एक खेळ आहे, फुटबॉलचे पैसे कोणी चेंडू बनवणाऱ्याला देतं का? भांडण कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली. मला दोन्ही बाजू समजतात. पण ‘चेंडू बनवणारा’ ही उपमा तोकडी आहे. इथे कंपनी चेंडू बनवते, मैदान बनवते, नियम बनवते आणि मनात आलं तर उद्या सगळं गुंडाळूही शकते.

अमेरिकेत त्याचा एक गमतीदार नमुना २०१३ मध्ये दिसला. निन्टेंडोचा ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ हा गेम तोवर बारा वर्षांचा म्हातारा झालेला. इव्होमध्ये कोणता गेम घ्यायचा हे त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी जमणाऱ्या देणगीवर ठरणार होतं. मेलीच्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरच्या वर रक्कम उभी केली आणि गेम स्पर्धेत घुसवला. मग निन्टेंडोने कळवलं, की याचं थेट प्रक्षेपण करायचं नाही. लोक इतके खवळले, की काही तासांत कंपनीला माघार घ्यावी लागली. गर्दीने मालकाला नमवल्याचं असं उदाहरण विरळाच.

आता भारतात येऊ. आपल्याकडे सगळं सायबर कॅफेत सुरू झालं. सिफीचे आय-वे, रिलायन्सची वेबवर्ल्ड, आणि त्याहून जास्त म्हणजे कोणाच्या तरी तळमजल्यावर मांडलेले आठ-दहा संगणक. ताशी पैसे मोजायचे, आणि खिशातले संपले की मित्राच्या खुर्चीमागे उभं राहायचं. बेंगळुरूसारख्या शहरात भर पडली ती इंजिनिअरिंग कॉलेजांची. गॅदरिंगमध्ये गाण्याच्या स्पर्धेबरोबर काउंटर-स्ट्राइकची लॅन स्पर्धा, असा शिरस्ता पडला. लॅन म्हणजे सगळे संगणक एकाच ठिकाणी तारेने जोडून खेळणं.

काउंटर-स्ट्राइक बघण्याची पद्धत जरा नीट समजावून घेऊ, कारण कोरमंगलात तोच चालला होता. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने अडवायचं. दहा खेळाडू म्हणजे दहा वेगवेगळे पडदे. २००१ च्या सुमाराला या गेमच्या मालकांनी, व्हॉल्व्ह कंपनीने, एक सोय दिली, तिला ‘एचएलटीव्ही’ म्हणत. तिच्यामुळे हजारो लोकांना सामन्याच्या आत शिरून, कोणाला न दिसता, बघता येऊ लागलं. त्यातून एक नवं काम जन्माला आलं, ऑब्झर्व्हरचं. सिनेमात कॅमेरामन आणि संकलक जे करतात ते हा माणूस एकटा, जागच्या जागी, पुढे काय होणार याचा अंदाज बांधत करतो. प्रेक्षकाला तो भिंतीच्या पलीकडचं दाखवतो. या दाराआड एकजण दबा धरून बसलाय, पलीकडून दुसरा बेसावध चालत येतोय, हे आपल्याला दिसतं आणि येणाऱ्याला दिसत नाही. रहस्यपट बघताना आपण मनात ओरडतो ना, ‘अरे, मागे बघ!’, तोच हा आनंद. त्यात पाचांपैकी चार पडले आणि उरलेल्या एकाने समोरच्या तिघांना गारद करून फेरी जिंकली, की तिला ‘क्लच’ म्हणतात. क्लचच्या वेळी समालोचकसुद्धा आवाज खाली आणतात, आणि शेवटची गोळी लागली की सगळं सभागृह उभं राहतं.

यातून एक अडचणही निघते. प्रेक्षकाला खेळाडूपेक्षा जास्त दिसतं, म्हणजे त्याच्या ओरडण्यातून खेळाडूला सुगावा लागू शकतो. म्हणून ते भले मोठे हेडफोन, आणि इंटरनेटवरचं प्रक्षेपण थोडं उशिराने. थोडक्यात, या खेळात प्रेक्षक हा पाहुणा आहे तसाच संशयितही.

संशयाचं बोललो तर २०१८ चा ऑक्टोबर टाळून चालणार नाही. शांघायमधल्या स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ या आपल्या संघाचा एक खेळाडू चालू सामन्यात, व्यासपीठावरच, बंदुकीचा नेम आपोआप लावणारं सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला. त्याने त्या फाइलला ‘वर्ड’ असं साळसूद नाव दिलं होतं. संघ बरखास्त झाला. देशातल्या काउंटर-स्ट्राइकला त्याने फार मोठा धक्का बसला. पण मंडळींनी काय केलं? त्या फाइलच्या नावाचाच विनोद करून टाकला. पुढे कोणाचा नेम जरा जास्त अचूक लागला की चॅटमध्ये ‘वर्ड’ची आठवण निघायचीच. लाज पचवायची ही एक तऱ्हा.

त्याच वर्षाच्या जानेवारीत टीव्हीनेही हात मारून बघितला. रॉनी स्क्रूवालांच्या कंपनीने एमटीव्हीवर ‘यू सायफर’ नावाची लीग आणली. काउंटर-स्ट्राइक, डोटा, टेकन आणि क्रिकेटचा गेम, सगळं एका ताटात. मला तो प्रयोग धाडसी वाटला होता, पण त्याची मुळं धरली नाहीत. सामने ठराविक वेळी, ठराविक लांबीत, कापून-सजवून. आणि बघणारा मुलगा तोवर फोनवर, चॅटमध्ये उलट बोलायला शिकलेला. आपलं कोणी ऐकत नाही अशा पडद्यापुढे तो बसेल कशाला?

कारण तोवर दोन गोष्टी घडल्या होत्या. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला. आणि २०१८ च्या मार्चमध्ये आला पबजी मोबाइल. संगणक नको, कॅफे नको, बापाचा फोन पुरे. त्याच वर्षी ऑक्टोबरात पबजी मोबाइलच्या देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेची अंतिम फेरी बेंगळुरूत झाली. जानेवारी २०१९ मध्ये एका आईने मुलाच्या गेमवेडाची तक्रार पंतप्रधानांपुढे मांडली, तेव्हा ‘पबजीवाला’ हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला आणि सभागृह हसलं. म्हणजे शब्द सगळ्यांना माहीत होता.

पण पबजी बघायला महाकठीण. स्पर्धेत सोळा संघ, प्रत्येकी चार खेळाडू, म्हणजे चौसष्ट जण एका बेटावर. आधी बराच वेळ नुसतं सामान गोळा करणं आणि पळणं. मग अचानक एकाच मिनिटात तीन ठिकाणी चकमक. कितीही हुशार ऑब्झर्व्हर असला तरी दोन ठिकाणचं हुकणारच. म्हणून लोकांनी साधा उपाय काढला. चौसष्टांमधला एक धरायचा आणि त्याच्याच नजरेने सगळं बघायचं. तो मेला तर आपणही मेलो. यातून भारतातला स्ट्रीमर तयार झाला. मुंबईचा आदित्य सावंत, म्हणजे ‘डायनॅमो’, घ्या. त्याचं ‘पट्ट से हेडशॉट’ हे वाक्य गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा ऐकू यायचं. हिंदी वाक्यात तो ‘पट्ट’ मला अगदी आपल्याकडचा वाटतो, पण ते असो. मुंबईचाच नमन माथुर, ‘मॉर्टल’, त्याची ‘टीम सोल’ मार्च २०१९ मध्ये हैदराबादच्या पहिल्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत जिंकली. हे लोक चांगले खेळायचेच, पण लोक थांबायचे ते त्यांच्या बोलण्यासाठी. पळण्याच्या त्या कंटाळवाण्या दहा मिनिटांत मित्रांची टिंगल, आईची हाक, चॅटमधल्या पोराच्या परीक्षेची चौकशी. खेळातला कंटाळा हीच त्यांची जागा होती.

आणि मग सुपर चॅट. यूट्यूबने २०१७ मध्ये ही सोय आणली. पैसे पाठवा, तुमचा संदेश रंगीत पट्टीत वर येतो आणि स्ट्रीमर नाव घेऊन आभार मानतो. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी दौलतजादाची आठवण करून देतो. तमाशात रसिकाने नोट पुढे करायची आणि त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा. कुस्तीच्या फडातही चालू कुस्तीवर हौशी मंडळी बक्षीस लावतात आणि निवेदक माइकवरून नावगावासकट सांगतो, हलगी वाजते, पैलवान ईर्षेला पेटतो. प्रेक्षकाने पैसे मोजून खेळात आपलं नाव घुसवायचं, ही हौस आपल्याकडे इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे.

डोटा या गेमच्या लोकांनी तर ही हौस थेट बक्षिसाला जोडली. डोटाचा सामना लांब आणि गुंतागुंतीचा. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा नवख्याला शेजाऱ्याकडून सगळं समजून घ्यावं लागत होतं. पण त्यांच्या जागतिक स्पर्धेसाठी २०१३ पासून चाहत्यांना एक डिजिटल पुस्तिका विकली जाई, आणि तिच्या किमतीचा चौथा हिस्सा बक्षिसात जाई. २०२१ मध्ये ती रक्कम चार कोटी डॉलरवर गेली. पुढे २०२३ मध्ये व्हॉल्व्हने ही पद्धत बदलली आणि बक्षीस एकदम तीस-बत्तीस लाख डॉलरवर आलं. लोकांची वर्गणी, पण पेटीची किल्ली मालकाकडे.

आपल्याकडे ती किल्ली आणखी कोणाच्या तरी हातात होती. २ सप्टेंबर २०२० ला चीनशी तणावाच्या काळात सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेलं. गेमची मूळ मालक कंपनी कोरियाची, मोबाइलवर चालवणारी टेन्सेंट चीनची. कोरियन कंपनीने मग नोव्हेंबरमध्ये भारतात स्वतःची कंपनी नोंदवली, इथे बेंगळुरूत. आणि २ जुलै २०२१ ला तोच गेम ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला. रक्ताचा रंग हिरवा. ‘किल’ हा शब्द गेला, ‘फिनिश’ आला. समालोचकांनी जीभ वळवली. सुरुवातीला चुकून जुना शब्द निघायचा.

२०२२ च्या जून-जुलैत या गेमची स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली. हिंदी समालोचन, स्टुडिओतली चर्चा, सगळं क्रिकेटच्या थाटात. घरच्यांना दाखवायला पोरांकडे पहिल्यांदा काहीतरी होतं, ‘बघा, टीव्हीवर आहे’. ती स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २८ जुलैला गेम दोन्ही अ‍ॅप स्टोअरवरून नाहीसा झाला. ज्यांच्या फोनवर आधीपासून होता त्यांच्याकडे तो चालत होता, पण अधिकृत स्पर्धा थांबल्या. खेळाडूंचे पगार, प्रशिक्षक, समालोचक, ऑब्झर्व्हर, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न. यातली बरीचशी मुलं वीस-बावीस वर्षांची, काहींनी कॉलेज सोडलेलं. क्रिकेटपटूचा संघ बुडाला तर तो दुसऱ्या संघाकडे जातो. यांचं मैदानच नकाशावरून पुसलं गेलं होतं.

आता माझा मुद्दा इथे आहे. दोन वेळा मैदान गेलं, पण प्रेक्षक गेले नाहीत. कारण आपल्याकडची गर्दी गेमभोवती जमलीच नव्हती, माणसांभोवती जमली होती. स्ट्रीमर उठून दुसरीकडे गेले, गर्दी मागोमाग गेली. बरेच जण जीटीए फाइव्ह या गेमच्या ‘रोलप्ले’ सर्व्हरवर गेले. तिथे स्पर्धाच नसते. एक पोलीस होतो, एक गुंड, एक टॅक्सीवाला, आणि सगळे मिळून आयत्या वेळी सुचेल ते नाटक करतात. वगनाट्यात संहिता थोडी आणि सोंगाड्याची हजरजबाबी जास्त, तसं. मुंबईच्या ‘एस८यूएल’ या मंडळींनी एका घरात एकत्र राहून त्यांचं रोजचं जगणंच दाखवायला घेतलं, आणि २०२२ मध्ये त्यांना जागतिक ई-स्पोर्ट्स पुरस्कारांत करमणुकीचा, म्हणजे आशय निर्माण करणाऱ्या गटाचा पुरस्कार मिळाला. खेळातल्या यशाचा नव्हे. कोरियात प्रेक्षकाला खेळाचं कसब दाखवलं गेलं, आपल्याकडे मित्रमंडळ दाखवलं गेलं. काही जुने काउंटर-स्ट्राइकवाले याला सवंगपणा म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ज्याचं मैदान कधीही जाऊ शकतं तो आपली पथारी खांद्यावर घेऊन फिरणारच. मात्र याची किंमतही आहे. खेळात मुरलेला, एखादी चाल बघून दाद देणारा प्रेक्षक आपल्याकडे कमी घडला.

अपवाद घडला तो अशा गेममध्ये, ज्याचा मालक कोणीच नाही. बुद्धिबळ. २०२० च्या टाळेबंदीत समय रैना या विनोदी कलाकाराने यूट्यूबवर बुद्धिबळ सुरू केलं आणि त्याच्याबरोबर बसले आपल्या नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी. ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारताने त्या वर्षी रशियाबरोबर सुवर्णपदक वाटून घेतलं, तेव्हा कर्णधार विदितच होते. एक शिकाऊ, एक जगातला अव्वल खेळाडू, आणि मध्ये हजारो लोकांचं चॅट. पटाशेजारी काळी-पांढरी पट्टी असते, संगणक क्षणोक्षणी सांगतो कोण वरचढ आहे ते. म्हणजे ज्याला घोडा कसा चालतो एवढंच ठाऊक आहे, त्यालाही ग्रँडमास्टरची चूक त्याच्या आधी कळते. काउंटर-स्ट्राइकच्या भिंतीपलीकडचं दिसणं ते हेच.

आणि त्या पट्टीचा मोह बेंगळुरूतच उघडा पडला. १३ जून २०२१ ला कोविडच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद अनेक नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन खेळले. त्यात झिरोधाचे निखिल कामत चक्क जिंकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कबूल केलं, की विश्लेषण करणारी माणसं आणि संगणक यांची मदत घेतली होती. बाकीचे नामवंत धडाधड हरले होते, त्यांना लोकांनी हसत हसत डोक्यावर घेतलं. कामतांवर मात्र टीकेची झोड उठली. आनंद एवढंच म्हणाले, की आपण पटावरची स्थिती खेळलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती.

बॅटलग्राउंड्स २०२३ च्या मे महिन्यात परत आला, आधी तीन महिन्यांच्या परीक्षेवर, आणि रोज खेळायच्या तासांवर मर्यादा घालून. कोरमंगलाचा तो सामना त्याच वर्षीचा. आणि बघा, त्याच सप्टेंबरात व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइकची ती आवृत्ती काढून तिच्या जागी नवी बसवली. पोरांनी ज्या मैदानावर घाम गाळला होता, ते महिन्या-दोन महिन्यांत वेगळं झालं होतं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींच्या सहीने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. बेंगळुरूतल्या एमपीएल आणि गेम्सक्राफ्टसारख्या कंपन्यांना आपले पैशांचे गेम बंद करावे लागले.

त्याच्या तीन आठवडे आधी रियाधमध्ये ई-स्पोर्ट्स विश्वचषकात पहिल्यांदाच बुद्धिबळ होतं. केरळचा ग्रँडमास्टर निहाल सरीन तिथे उतरला तो एस८यूएलकडून, म्हणजे पबजीच्या गर्दीतून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या त्याच मंडळींकडून. जिंकला मॅग्नस कार्लसन. प्रत्येक खेळाडूला डावासाठी दहा मिनिटं, आणि एरवी प्रत्येक चालीमागे घड्याळात जे वाढीव सेकंद मिळतात ते काढून टाकलेले. कारण शेवटच्या तीस सेकंदांत ग्रँडमास्टरचा हात थरथरताना लोकांना बघायचा होता.